मागची चाकं

पहाटे साडेचारला फोन वाजला.
तिकडं आदल्या दिवसाची संध्याकाळ,
आणि वरलक्ष्मी भर रस्त्यात अडकलेली.
"नान्ना, चाकं नुसती फिरायलीत,
गाडी जागची हलेना."

तिनं जुनी गाडी घेतली, एवढं ठाऊक होतं.
जोर मागच्या चाकांना. स्वस्तात मिळाली म्हणाली.
का स्वस्तात, ते आता कळत होतं.

मी बर्फ पाहिलाय तो रसवंतीच्या पेटीत,
भुशात लोळवलेला,
आणि मे महिन्यात मयताच्या उशापायथ्याला.
मैलभर अंथरलेला बर्फ चाकाला कसा लागतो
हे सोलापूरच्या ड्रायव्हरला कुठून कळावं?

पण काळी माती मला ठाऊक आहे.

हस्ताचा पाऊस होता, नदीला पाणी आलेलं,
म्हणून मंद्रूपच्या पुढं आडवाट धरली.
मालकाची अँबॅसिडर, मागं मालक,
डिकीत विजापूरच्या व्यापाऱ्याला दाखवायच्या चादरी.
माती चाकाला अशी चढत गेली
की चाक आणि मडगार्ड यांच्यात बोट शिरेना.
गाडीचा मागचा भाग म्हशीसारखा कडेला सरकायचा,
समोरून मी सरळच.
मालक म्हणाले, डिकी रिकामी करू, हलकी होईल.
मी म्हणालो, मालक, उलट तुम्हीच डिकीत बसा.
हसले नाहीत.

"वरा, ऐक. रेस देऊ नको.
चाक फिरतंय म्हणजे खड्डा खणतंय.
दुसऱ्या गिअरला टाक. क्लच अर्धा,
भाकरी तव्यावर सोडतो तसा सोड, हळू."
"भाकरी आईच टाकते, नान्ना."
"तर आई सोडते तसा सोड.
आणि मागचं जिकडं पळतंय
तिकडंच स्टेअरिंग दे. त्याच्याशी भांडू नको.
ब्रेकला तर शिवूच नको."

कूंऽऽ असा आवाज आला.
तो मी ओळखला. रबराचा आवाज
सगळीकडं एकच असतो.

"डिकीत वजन काय?"
"काहीच नाही. एक छत्री."
छत्री! त्या थंडीत!
"मग चाकाखाली काहीतरी घाल. चादर आहे ना?"

तेव्हा मीही चादरच घातली होती.
मोराची, लाल काठाची, कोरी.
मोरावर चढून गाडी बाहेर आली,
आणि दोन महिने पगारातून
मोराचे पैसे कापून गेले.

फोनवर वारा ऐकू येत होता.
"चादर नाही घालणार," ती म्हणाली.
"अगं, धुता येते."
"नाही घालणार म्हटलं की."
ती चादर अनसूयेनं दिलेली,
विड्या वळून साठवलेल्या पैशातली,
हे मी विसरलो होतो. अनसूया नव्हती विसरली.
ती उठून बसली होती, अंधारात,
आणि काहीच बोलत नव्हती.

"बरं. मग पायाखालची रबरी मॅट काढ.
खरखरीत बाजू चाकाकडं."

दार उघडलं. दार लागलं.
पुन्हा कूंऽऽ, पण बारीक,
मग काहीतरी फटकन मागं उडालं,
मग इंजिन नीट श्वास घेऊ लागलं.
"निघाली, नान्ना! मॅट राहिली मागं!"
"राहू दे. थांबू नको.
परत जाऊन मॅट आणायला थांबशील
तर पुन्हा तिथंच बसशील."

ती गेली. फोन तसाच चालू ठेवून गेली.
वीस मिनिटं मी तिचा रस्ता ऐकला.

"पाय हलवू नका," अनसूया म्हणाली, "पांघरूण ओढलं जातंय."
बघितलं तर माझा डावा पाय
गादीत रुतून क्लच दाबत होता.

दुसऱ्या दिवशी फोटो आला.
डिकीत वाळूची दोन पोती, नीट मागच्या चाकांवर ठेवलेली.
दुसऱ्या फोटोत गाडीची पुढची काच,
काचेवर पसरलेली चादर, दव गोठू नये म्हणून,
चादरीवर वीतभर पांढरं,
आणि कोपऱ्यातून वर काढलेली
एका मोराची मान.

अनसूयेनं फोटो मोठा करून पाहिला.
"सुकवताना उन्हात घालू नको म्हणावं," म्हणाली.
"रंग जातो."